गुरुवारची पालकसभा

कुरुळीच्या आमच्या शाळेत मी रुजू झाले, त्या दिवशी मुख्याध्यापिका शेळकेबाईंनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या वर्गातल्या पालकांच्या शिफ्ट माहीत करून घेतल्यात का?" मी पुण्याहून आलेली, बी.एड.च्या गुणांची घमेंड असलेली. मला तो प्रश्न काहीतरीच वाटला. यंदा बाई साठी पूर्ण करीत आहेत आणि त्यांच्याविषयी लिहायचे तर माझ्या फजितीपासूनच सुरुवात करावी लागेल. फजिती हा शब्दही तसा सौम्यच.

ते वर्ष वाईट होते. चाकणच्या कंपन्यांतून कंत्राटी कामगार कमी करत होते. मुले वर्गात दबक्या आवाजात एकमेकांना विचारत, "तुझ्या पप्पांचा गेटपास चालू आहे का?" अशात मी दहावीची पालकसभा रविवारी ठेवली. सगळ्यांना सुट्टी असणार, अशी माझी समजूत. इकडच्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, हे मला ठाऊक नव्हते आणि मी कुणाला विचारलेही नव्हते. सभेला चार आया आल्या. माझे डोके फिरले. गैरहजर पालकांची नावे मी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि वर लिहिले, 'मुलांची काळजी नसलेले पालक'.

लातूरकडच्या बालाजीराव गायकवाडांनी ती यादी कामावर वाचली आणि सुपरवायझरला न विचारता ते तडक शाळेत आले. तोवर सभा आटोपली होती. दुसऱ्या दिवशी कंपनीने त्यांना गेटवरूनच परत पाठवले. त्यांची अश्विनी वर्गात यायची थांबली. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

बाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, त्याचीच मला धास्ती वाटे. तिसऱ्या दिवशी त्या मला घेऊन गायकवाडांच्या खोलीवर गेल्या. गावी परतण्यासाठी सामान बांधून ठेवलेले होते.

"बालाजीराव, चूक शाळेची आहे," बाई दारातच म्हणाल्या. माझे नाव त्यांनी घेतले नाही.

"शाळंनं बोलावलं म्हनून कामावरून उठून आलो, मॅडम. आन् आमालाच लेकराची काळजी न्हाई म्हनता?"

"रागवा तुम्ही. पण अश्विनीचं नाव पटावरून काढणार नाही. रोज हजेरीला पुकारणार."

पुढचे आठ दिवस मी ते नाव पुकारत होते आणि वर्ग गप्प राहत होता. बाई मात्र कंपनीच्या बसथांब्यावर उभ्या राहून यादीतल्या एकेका पालकाला गाठत होत्या. माफी मागत होत्या, येत्या गुरुवारच्या सभेला बोलावत होत्या. गावातले एक पालक तावातावाने बोलू लागले, तर बाई म्हणाल्या, "व्हय दादा, चुकलंच आमचं."

नवव्या दिवशी बालाजीराव लेकीला घेऊन फाटकात उभे राहिले. "राग गेल्याला न्हाई, मॅडम. पन लेकरू आनलंय."

"राग असू द्या," बाई म्हणाल्या. "पण येत राहा."

त्या दिवशी हजेरीला अश्विनीचे 'हजर' ऐकू आले आणि मी तिच्या नावापुढे हजेरी मांडली.

सध्या पुन्हा कपातीच्या बातम्या येत आहेत. त्यामुळे बाईंना निरोगी दीर्घायुष्य मागताना त्यात माझा स्वार्थ आहे, हे कबूल करते. बाई, गुडघे जपा, औषधे वेळेवर घ्या, शंभरी गाठा. गायकवाडांची धाकटी यंदा माझ्या वर्गात आली आहे. बालाजीराव अजून माझ्याशी बोलत नाहीत आणि त्यांच्या दारात एकटीने जायचे धैर्य मला अजून झालेले नाही.