फोटोवाल्या भाईंचं मीठ

"हालू नको रे भाऊ, जरासा मरी जाय!"

नंदुरबारच्या बाजारात फोटो काढायला बसलेल्या प्रत्येकाला फोटोवाले भाई हेच सांगत. आधी काळ्या कापडाखालून हुकूम येई, मग एक हात बाहेर येऊन हवेत थांबे. रनाळ्याच्या एका म्हाताऱ्याने एकदा उलट विचारलं, "मरी गऊ ते फोटो कोन लई जाई?" भाई कापडाखालीच इतके हसले की प्लेट वाया गेली.

असा एखादा फोटोवाला तुमच्याही गावात असेल. लग्नाच्या मुलींचे फोटो लोक आमच्या भाईंकडूनच काढून घेत, कारण काचेच्या प्लेटवर बारीक पेन्सिल फिरवून ते देवीचे वण घालवत, नाक सरळ करत. "देवाचं राहिलेलं काम करतो, बेन," असं मला सांगत. माझ्या हनुवटीवरचा मस त्यांनी न विचारता पुसला, तेव्हा मी फोटो त्यांच्या टेबलावर ठेवून निघून आले. मस माझा आहे. पुढे कितीतरी दिवस मी दिसले की ते स्वतःची हनुवटी चोळत.

त्यांचं घर मूळचं सुरतेकडचं. मी समोरच्या दवाखान्यात नर्स. आमची ओळख झाली ती पोटॅशियम ब्रोमाइडमुळे. दिसायला ते मिठासारखं, चवीलाही खारट. त्यांच्या प्लेट धुवायच्या डेव्हलपरमध्ये ते चिमूटभर पडे. नाही पडलं तर फोटोतल्या पांढऱ्यावरही काळपट झाक चढते. आमच्याकडे तेच पाण्यात विरघळवून फेफऱ्याच्या रोग्यांना देत. आमचं संपलं की मी त्यांच्याकडून आणी, त्यांचं संपलं की ते आमच्याकडे येत.

एकदा मी मागायला गेले तर त्यांनी बरणी छातीशी धरली. "सगळं नाही देणार, बेन. घरी लागतं."

तेव्हा कळलं. त्यांच्या एकुलत्या मुलीला, हंसाला, फेफरं येई. मोठ्या शहरातल्या डॉक्टरने ब्रोमाइड सांगितलं होतं, पण दवाखान्याच्या रांगेत तिला कोणी पाहिलं तर सोयरीक कशी व्हायची? म्हणून दुकानाच्या बरणीतूनच रोज तिला चमचा मिळे.

"प्लेटवरचं काळं आवरतं," भाई म्हणाले, "मग डोक्यातलं नाही आवरणार?"

"औषधाला माप असतं, भाई."

"माप माझ्या डोळ्यात आहे."

आषाढात गुजराती घरांतल्या मुली चांगला नवरा मिळावा म्हणून पाच दिवस अळणी खातात. हंसाच्या आईने त्यात भर घातली. लग्न लागेपर्यंत मिठाला शिवायचं नाही, असं मुलीकडून देवापुढे वदवून घेतलं. कुणाला त्यात गैर वाटलं नाही. वाटावं तरी का?

श्रावण सरता सरता मी भाईंच्या दुकानात गेले, तेव्हा हंसा मागच्या स्टुलावर बसली होती. चेहरा पुटकुळ्यांनी भरलेला. मी नाव घेऊन हाक मारली. तिने मान वळवायलाही वेळ घेतला. उठली ती भिंत धरून. बोलताना जीभ जड पडत होती.

"बघा, कशी शांत झाली!" भाई खुशीत होते. "अलीकडे एकदाही पडली नाही."

"ती शांत नाही, भाई. तिला ब्रोमाइड चढलंय." आमच्या डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं की जेवणातलं मीठ हे औषध अंगातून धुऊन काढतं. मीठ बंद केलं आणि चमचा तोच ठेवला, तर ते आत साचत जातं. "आजपासून तिला मीठ द्या. चमचा कमी करा. आणि तिला डॉक्टरांकडे आणा."

"पाहुणे येऊन जाऊ देत. मग मीठच मीठ."

त्यांच्या बायकोला सांगितलं, तर तिने कानांवर हात ठेवले. शेवटी मी हंसासमोरच ताकाचा पेला धरला, मीठ घातलेला. तिने ओठांना लावला आणि खाली ठेवला.

"बाई, वरत मोडी जाई ना. मंग चांगला नवरा कसा भेटी?"

एवढं वाक्य बोलायला तिला किती वेळ लागला, ते मी पाहिलं.

भाईंनी तिचा फोटो काढला. इतर मुली पापण्या मिटतात, हसतात. ही दगडासारखी बसली. मग त्यांनी एकेक पुटकुळी घालवली. फोटो सुंदर होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. पाहुणे आले, मुलगी वर न बघता बसून राहिली, आणि मुलाची आई म्हणाली, "केटली डाही छोकरी!" किती शहाणी मुलगी.

लग्नात मी होते. अक्षता पडल्या, व्रत सुटलं. पंगतीत हंसाने ताटातलं मीठ आधी बोटाने चाटलं, मग पुन्हा मागून घेतलं. बायका हसल्या.

मी भाईंना बाजूला घेतलं. "औषध तिच्याबरोबर दिलंत?"

"सासरी विचारतील की हे कशाचं." ते नवरदेवाकडे बघत होते. "लग्नाने बऱ्या होतात मुली."

दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या. चमचा बंद, मीठ सुरू. हंसा सासरी चार दिवस भराभरा बोलली म्हणे, गाणीही म्हणाली. नंतर चुलीपाशी पडली. मग पुन्हा पुन्हा पडत राहिली.

तिला घेऊन मुलाचा काका आला, तेव्हा बाजार भरलेला होता. हंसाचा हात भाजला होता, फडकं गुंडाळलेलं. काकाने फोटो दुकानाच्या फळीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आम्ही ही पसंत केली होती. ही असेल तर द्या. ती तुमची तुम्हाला ठेवा."

भाईंनी फोटो उचलून आत नेला. हंसा बाहेरच उभी होती. तिला मी दवाखान्यात नेलं आणि हात बांधला.

त्यानंतर ती आमच्या रांगेत येऊ लागली. मोजलेलं औषध घेई, मीठ खाई. अधूनमधून पडे, पण बोलायला चुणचुणीत. लपवायचं काही उरलंच नव्हतं. भाई मात्र माझ्याशी बोलेनासे झाले. मी नजर लावली, असं सगळ्यांना सांगत.

एका बाजारच्या दिवशी दुकान उघडलं नाही. हंसा औषधाला आली तेव्हा मी विचारलं, "भाई कुठे आहेत?"

"अक्कलकुव्याकडे गयात. तठे दुकान मांडतीन."

"तुम्हा मायलेकींना कधी नेणार?"

ती बाटलीचं बूच घट्ट बसवत राहिली. "कॅमेरा लई गयात. रजईमां गुंडाळीसन. हादरा लागू नये म्हनीसन."

रजई कुणाची, ते मी विचारलं नाही. थंडीचे दिवस होते आणि ती कुडकुडत होती.