वेलचेरीचा न दिसलेला नर

आता कुठून सुरुवात करू? माझ्या पहिल्या शोधापासूनच करतो, कारण तसला शोध जगात दुसऱ्या कुणी लावला नसेल.

नव्वदच्या दशकातलं मद्रास. मी झाडावरच्या बेडकांवर पीएचडी करत होतो. यांची मादी पाण्यावर फेसाचं घरटं करून अंडी घालते, तेव्हा नर तिच्या पाठीवर असतो. प्रश्न एवढाच, की पिल्लांचा बाप तोच, की मागून आणखी कुणी येऊन जातो? त्यासाठी सगळ्यांच्या डीएनएच्या पट्ट्या पाडायच्या. पिल्लातली जी पट्टी आईत नाही, ती बापाची.

जोडप्यांचे नमुने माझी सहकारी वसंता तयार करायची, हातमोजे घालून. पिल्लांचे मी. आमच्याकडचा एकुलता एक एसी यंत्राच्या खोलीत, आणि मद्रासच्या उकाड्यात रबरी हातमोजे कोण घालणार, तुम्हीच सांगा!

आणि काय गंमत, वेलचेरीच्या तळ्यातल्या प्रत्येक पिल्लात एक पट्टी अशी, जी ना आईत, ना पाठीवरच्या नरात. म्हणजे तिसरा कुणीतरी! शहराच्या दुसऱ्या टोकाला आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या डबक्यातल्या पिल्लांतही तोच. वेलचेरी कुठे, आवडी कुठे. बेडूक काय रेल्वेचा पास काढून फिरत होता? पण डोक्यात हवा गेली की असले प्रश्न पडत नाहीत.

त्यात माझी पीएचडीची मुदत संपत आलेली. काहीतरी ठोस दाखवलं तरच ती वाढणार होती. तिकडे आई 'पीएचडी होऊ दे, मग लग्न' हे ऐकून विटलेली. मी सरळ विभागाच्या सेमिनारमध्ये जाहीर केलं की मद्रासभर एक महापराक्रमी नर वावरतो आहे.

आमच्या गाईड सरांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग माझ्या कपाळावरून टपकणाऱ्या घामाकडे बघत विचारलं, "बेडूक न घातलेली रिकामी नळी तपासलीस का?"

नव्हती तपासली. दुसऱ्या दिवशी तपासली. रिकाम्या नळीतही बाप हजर! मग सरांनी माझ्याच डोक्याचा एक केस मागितला. त्याची पट्टी तंतोतंत जुळली. वसंता हसू दाबायला बाहेर पळाली, आणि मला तर लाजेनं तोंड कुठे लपवावं कळेना.

सरांनी शब्द टाकला म्हणून मुदत मिळाली म्हणा, पण सगळं काम पुन्हा, हातमोजे घालून.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आम्ही तंजावरचे, आई चिडली की तमिळ आणि मराठी एकदमच सुरू होतं. त्या दिवशी मात्र ती भाजी चिरत शांतपणे म्हणाली, "कण्णा, इतकीं पोरं झालीं. आतां तरी लग्न करशील कीं नाहीं?"