मिक्सरमध्ये घातलेली टाकी

आत्या गवंडीकाम करायची. तिची जुनी गाडी चौकाचौकात बंद पडायची, कारण पेट्रोलच्या टाकीतला गंज सुटून नळीत अडकायचा.

"आज चालली नाही, तर संध्याकाळी घरी येणाऱ्या भंगारवाल्याला देणार," नवऱ्याने बजावलं.

आत्याने टाकी उतरवून धुतली. आत खडी आणि पाणी भरलं, तोंड घट्ट बंद केलं, चादरीत गुंडाळली आणि सरळ सिमेंटच्या मिक्सरमध्ये घातली!

"अगं, टाकी आहे ती, काँक्रीट नव्हे!" फिरत्या मिक्सरच्या खडखडाटात नवरा ओरडला.

"तुमच्या घोरण्यापेक्षा आवाज कमीच आहे."

उपडी केल्यावर भळाभळा तांबडा चिखल सांडला. आतला पत्रा लख्ख! वाळवून बसवली, पेट्रोल ओतलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली आणि एकेक चौक मागे टाकत सुसाट निघाली.

"भंगारवाल्याला काय सांगू?" शेजारी बसलेल्या नवऱ्याने विचारलं.

"सांगा, आम्ही घरी नाही!"