पाणी इथवर

लार्सचा फोन आला तेव्हा मी गच्चीत गव्हाला ऊन दाखवत होते. सकाळचे दहा वाजले असतील, तिकडे जेमतेम उजाडलं असेल. माझा हा फिनलंडचा जावई मला 'आई' म्हणतो आणि पुढचं सगळं इंग्रजीत बोलतो. त्या दिवशी तो नुसतं 'आई' म्हणाला आणि पुढचं इंग्रजी त्याला सुचेना... मग कळलं. वृंदा, माझी एकुलती एक मुलगी, पहाटे डोक्यातली रक्तवाहिनी फुटून गेली होती. मी खाली आले, गहू तसाच राहिला, आणि दुपारपर्यंत पाखरांनी त्याचं काय केलं ते मी पाहिलंही नाही. एल्सा, निल्स, तुमची आई गेली त्याला आता सात आठवडे झाले. मी हे तुमच्यासाठी मराठीत लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे ते मला इंग्रजीत धड सांगता येणार नाही, चाळीस वर्षं इंग्रजी शिकवूनसुद्धा. कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवील.

तुमचं गाव मी कधी पाहिलं नाही, पण वृंदाच्या फोनमधून मी त्यात इतकी फिरले आहे की डोळे मिटून समुद्रापर्यंत जाईन. देश फिनलंड आणि बोली स्वीडिश, हे मला आधी समजेना. वृंदा म्हणाली, "अगं आई, आपल्या जतकडची कानडी गावं नाहीत का? तसंच. शेकडो वर्षांपूर्वी हे लोक पलीकडच्या स्वीडनमधून होड्या घेऊन आले, मासे मारले, राहिले. वरचे राजे बदलत गेले, यांनी आपली बोली सोडली नाही." गावात लाकडी लाल चर्च आहे आणि त्याच्या छताला एक छोटं जहाज टांगलेलं आहे, समुद्रावर गेलेल्यांची आठवण म्हणून. उन्हाळ्यात गवताच्या मैदानावर पानाफुलांनी मढवलेला उंच खांब उभा करतात आणि त्याच्याभोवती नाचतात. वृंदा पहिल्या वर्षी तिथं झिम्मा खेळली होती म्हणे. जुन्या शाळेत सीलच्या शिकारीची हत्यारं आणि जाळी मांडून ठेवली आहेत. पण तिला सगळ्यात आवडायचं ते नावघर, होडी ठेवायची लाल लाकडी खोली. तिथली जमीन पाण्यातून हळूहळू वर येते. माणसाच्या एका आयुष्यात मांडीएवढी. आजोबांनी पाण्याच्या काठाला बांधलेलं नावघर नातवाच्या वेळेला गवतात उभं असतं, आणि नातू ते उचलून पुढे नेतो.

"आपल्याकडे पाणी दारात येतं, आणि इथं सोडून जातं गं," ती म्हणाली होती.

"मग तुझ्या सासरचा समुद्र पळून गेलेल्या नवऱ्यासारखाच म्हण की," मी म्हटलं. ती कितीतरी वेळ हसत होती.

आमच्या सांगलीच्या घरात पाणी दारात थांबत नाही, आत येतं. कृष्णेचा घाट दोन गल्ल्यांवर. पूर ओसरला, चिखल काढून झाला की तुमचे आजोबा जिन्याच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटची रेघ काढून घ्यायचे. रेघ घरातल्या सगळ्यात लहान माणसाने काढायची आणि शेजारी तारीख त्यांनी लिहायची, 'पाणी इथवर'. असा आमच्या घरचा नेम. वृंदाने पहिली रेघ काढली तेव्हा ती आठ वर्षांची होती. पाचव्या पायरीवर उभं राहून, जीभ दातांत धरून. रेघ डावीकडून सुरू झाली आणि उजवीकडे चार बोटं वर गेली. मी म्हटलं, पट्टी घे, पुन्हा काढ. हे म्हणाले, "राहू दे. पाणी तरी कुठं पट्टी लावून येतं?"

हे गेले. त्यानंतर एकदा पूर आला आणि ओसरला, तेव्हा घरात मी एकटी होते. ओल धरलेल्या भिंतींना रंग द्यायला कुपवाडचा एक रंगारी आला. जिन्याशी येऊन थांबला.

"बाई, ह्या रेघा लेकीनं काढल्यात जणू. तेवढा चौकोन ठिवू काय?"

मी बघितलंही नाही नीट. म्हटलं, "नको. भिंत सगळी एकसारखी दिसायला हवी."

मला घर नीट लागतं. ओल, चिखल, डाग, हे गेल्यानंतरचा पसारा... मला सगळं पांढरं हवं होतं. आठवड्याने वृंदाचा फोन आला. बोलता बोलता तिने विचारलं, "आई, रेघा आहेत ना गं?" आणि मी म्हटलं, "आहेत." का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. पुढच्या फोनला खरं सांगू, असं ठरवत मी तीन वर्षं काढली. दरम्यान तिने नावघराच्या खांबावर तसल्याच रेघा सुरू केल्या, दर उन्हाळ्याला पाणी जिथं असेल तिथं, शेजारी मराठी आकडे आणि 'पाणी इथवर'. फक्त तिच्या रेघा वर्षागणिक खाली खाली उतरत होत्या. डिसेंबरमध्ये तुम्हाला घेऊन येणार होती, सांगलीची मूळ रेघ दाखवायला.

तिला तिकडच्या मातीत ठेवलं ते मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. छताचं जहाज दिसलं, तुमची पाठमोरी डोकी दिसली. मग चित्र थिजलं.

गेल्या आठवड्यात एल्सा, तुझा निरोप आला. बाबाने तिकिटं ठेवली आहेत, आम्ही येणार आहोत. निल्स आता आठ वर्षांचा आहे, त्याला मम्माच्या रेघेशेजारी उभं राहायचं आहे... मी निरोप वाचला आणि त्याच रंगाऱ्याला बोलावून आणलं. म्हटलं, खरवडून खालचं काढता येईल का? तो भिंतीवर हात फिरवत राहिला.

"आवं बाई, ऑइलपेंट घासल्याबिगर पुट्टी धरत न्हाई. समदं घासूनच काढलं हुतं मी. आता खाली काय गावणार?"

"थोडं तरी..."

"न्हाई वं. लय वंगाळ वाटतंय, पर न्हाई."

तो गेल्यावर मी सुरीने खरवडून पाहिलं. पाचव्या पायरीवर बसून, रोज थोडं थोडं. पांढऱ्याखाली करडं निघालं, करड्याखाली सिमेंट. रेघ जिन्यातल्या दिव्याच्या बटणाच्या वर होती की खाली, हेही मला आठवेना. जिन्यावर पडलेली भुकटी मी झाडली नाही. मग बाजारातून लाल ऑइलपेंटचा छोटा डबा आणि ब्रश आणला. तुम्हाला फसवायचं माझ्या मनात होतं, हे लपवत नाही. आधी कागदावर सराव केला. एक पान, दोन पानं, अख्खी वही. डावीकडून सुरू करायची आणि उजवीकडे चार बोटं वर न्यायची, एवढंच तर होतं. पण माझा हात सरळच रेघ काढतो.

डबा पाचव्या पायरीवर ठेवला आहे. झाकण अजून उघडलेलं नाही; घरातलं सगळ्यात लहान माणूस डिसेंबरात येतं आहे.