सुलभाकाकूंची सिमेंटची नणंद

बफेलो शहरात नदी सरोवराला मिळते, पण सरळ जाऊन मिळत नाही. माहेराहून निघालेली लेक उंबऱ्यात घुटमळावी तशी आधी दोनदा वळते. त्या वळणांवर धान्याच्या कोठ्या उभ्या असत. देवळाच्या शिखरापेक्षा उंच आणि गावच्या पाटलापेक्षा रुंद. पश्चिमेचा गहू बोटीत बसून सरोवरं ओलांडत यायचा, रहाटगाडग्यासारख्या पट्ट्यावर चढून उंच जायचा आणि कोठीच्या पोटात निवांत निजायचा. पुढे बोटींनी समुद्राची दुसरी वाट धरली. कोठ्या रिकाम्या झाल्या. रिकाम्या घरात कुणीतरी राहावंच लागतं, म्हणून पारवे राहिले.

सुलभाकाकू बार्शीकडच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्र्यंबककाकांनी त्यांना विमानतळावरून घरी आणताना मोठ्या अभिमानाने कोठ्या दाखवल्या.

"हे सगळे एलिव्हेटर्स बरं का."

काकूंनी तासाभरापूर्वीच विमानतळावर एलिव्हेटर म्हणजे काय ते अनुभवलं होतं आणि त्यात काकांची बाही सोडली नव्हती.

"अगंबाई, एवढ्या मोठ्या लिफ्टा? कुणाला वर न्यायचंय?"

"गव्हाला," काका म्हणाले.

नवरा थट्टा करतो हे कळून काकू अमेरिकेत पहिल्यांदा हसल्या. ती थट्टा नव्हती हे कळल्यावर त्या गाडीच्या काचेला नाक लावून बसल्या. "पेवच आहे की हे! आमचं जमिनीत, यांचं आभाळात."

काकू गाडी शिकल्या त्या हट्टाने. काका एका कारखान्यात नकाशे काढत. माणूस रेघेत चालणारा. त्यांनी काकूंना शहराचा नकाशा दिला, रस्त्यांची नावं घोटून घेतली. काकूंना इंग्रजी वाचता येत होतं, पण एक सरळ अडचण होती. रस्त्याचं नाव पाटीवर आणि पाटी बर्फाखाली. काकू म्हणत, "आमच्याकडे चिंचेपासून डावीकडे म्हणतात. चिंच कधी बर्फाखाली गेली नाही." मग त्यांनी कोठ्यांनाच चिंचा केलं, आणि चिंचांना नाती दिली.

भाजीबाजाराकडे वळायचं ती काळवंडलेली, रुसून बसल्यासारखी कोठी म्हणजे थोरली जाऊ. हॉस्पिटलच्या रस्त्यावरची, पत्र्याची, वाऱ्यात सतत बडबडणारी ती मधली जाऊ. विटांची बुटकी, ती धाकटी. आणि या सगळ्यांच्या वर, नदीच्या वळणापाशी, पांढऱ्या सिमेंटची, डोक्यावरची खोली जराशी मागे कललेली, हनुवटी वर करून साऱ्या गावाकडे बघणारी, ती नणंद. कुठूनही दिसायची. नणंदेच्या अलीकडे उजवीकडे वळलं की घर.

हळूहळू गावातली सगळी मराठी माणसं असाच पत्ता सांगू लागली. नागपूरहून शिकायला आलेला कुमार पहिल्या महिन्यात म्हणाला होता, "काकू, तुमच्या जावा फारच हेल्पफुल आहेत यार."

कुणाला बाळ होणार असलं की फोन काकूंना जायचा. दिवस असो की रात्र, बर्फ असो की चिखल, काकूंची निळी गाडी दारात उभी राहायची. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात अळीव घातलेली खीर. परमुलखात आई नसलेल्या कितीतरी मुलींची पहिली कळ काकूंच्या गाडीत गेली. ती गाडी होती म्हणून काकू काकू होत्या. नाहीतर खिडकीत बसून नवऱ्याची वाट बघणारी एक बाई.

आणि मग जावा पडू लागल्या.

थोरली पाडायला लोखंडी गोळा आणला. सबंध हिवाळा तो गोळा तिला धडका देत होता आणि ती तशीच रुसून उभी. शेवटी वसंतात आपणहून बसली. काकू म्हणाल्या, "थोरल्या जावेला कुणी घालवत नाही. ती आपल्या मनाने जाते." त्या आठवड्यात काकू भाजीला निघाल्या आणि विमानतळावर पोचल्या. मधलीचा पत्रा उतरवला तेव्हा मात्र फारच झालं. वळण आलं कधी आणि गेलं कधी ते कळलंच नाही, आणि गाडी थेट कॅनडाच्या पुलावर.

"कुठे चाललात?" तिथल्या शिपायाने विचारलं.

"हॉस्पिटलात, नीलाच्या बाळाला काजळ घालायला."

"कॅनडात?"

"कॅनडा कुठून आला मध्येच?" काकूंनी त्यालाच दटावलं.

काका जाऊन घेऊन आले. घरी आल्यावर त्यांनी नकाशात त्या पुलावर लाल रेघ ओढली. पुढे धाकटीही गेली. मग एका संध्याकाळी काकांनी पेपर घडी करून टेबलावर ठेवला.

"पुढच्या शनिवारी तुझी नणंद उडवणार आहेत. डायनामाइटने."

काकूंची पोळी तव्यावर करपली.

"आता तुला घरसुद्धा सापडायचं नाही," काका म्हणाले. "मी काय म्हणतो, निळी गाडी विकून टाकू. कुठे जायचं असलं की मी ड्राइव्ह करतो ना."

"अहो, तुम्ही सहाला येता. बाळं सहापर्यंत थांबत नाहीत."

"आणि तू कॅनडात गेलीस तर थांबतात?"

काकूंनी करपलेली पोळी काकांच्याच ताटात वाढली. काकांनी ती निमूट खाल्ली आणि मग म्हणाले, "ठीक आहे. रविवारी ट्रॉय गावाहून ताई येतेय. बस स्टँडवरून तिला तू एकटी जाऊन आण. न चुकता आणलीस, गाडी राहिली. चुकलीस, गेली."

ताई म्हणजे नंदाताई, काकांची थोरली बहीण. काकूंची खरी नणंद. काकू तिला वन्सं म्हणत, आणि जरा घाबरतही.

शनिवारी सकाळी सगळं गाव नदीवर लोटलं. काका-काकू थर्मास आणि बटाटेवडे घेऊन गेले. घरी राहिली त्यांची मुलगी दीपा, इथेच जन्मलेली, चौदा वर्षांची. फोन वाजला.

"दीपा, आत्या बोलतेय. आई कुठाय?"

"हाय आत्या! आई नणंद पाडायला गेलीय."

पलीकडे काहीतरी खणकन पडलं.

"काय पाडायला?"

"नणंद. यू नो, ती मोठी जाडी नणंद. आज फायनली डायनामाइट लावणार. सगळे वॉच करायला गेलेत, वडे घेऊन."

"आई असं म्हणते? नणंद?"

"ऑलवेज. आई म्हणते ती आतून पूर्ण एम्प्टी आहे, पण हनुवटी कायम वर. डॅड म्हणतो, डेंजरस झालीय, जायलाच हवी."

बिचाऱ्या दीपाचा काय दोष? आईच्या तोंडी आत्या म्हणजे वन्सं. नणंद हे त्या इमारतीचं नाव आहे अशीच तिची जन्मापासून समजूत.

तिकडे नदीवर भोंगा झाला. नणंद आधी हललीच नाही. लोक हसले. मग ती गुडघ्यातून खचली, कंबरेतून बसली, पण हनुवटी शेवटपर्यंत वर. धूळ उठली ती थेट वड्यांवर. पारव्यांचा थवाच्या थवा आभाळात उधळला. काकूंनी पदराने डोळे पुसले. काका म्हणाले, "धूळ गेली का?" काकू म्हणाल्या, "हो, धूळच."

रविवारी काकू बस स्टँडवर वेळेआधी हजर. जाताना काही अडचण नव्हती. जाताना नणंद पाठीमागे असते. वन्सं उतरल्या, चिवड्याचा डबा छातीशी धरून. एरवी डबा उतरताक्षणी वहिनीच्या हाती द्यायच्या. आज दिला नाही. गाडीत बसल्या आणि काच खाली न करता बाहेर बघू लागल्या.

"प्रवास बरा झाला ना वन्सं?"

"पोकळ माणसाला प्रवासाचं काय."

काकूंचं लक्ष रस्त्यावर होतं. त्यांना वाटलं, वन्संना भूक लागली असावी.

"मी तुझं काय वाईट केलं गं सुलभा? माझ्या भावाच्या घरात मला डायनामाइट?"

"वन्सं, आत्ता बोलू नका, मला वळायचंय."

"वड्यांसकट बघायला गेलीस! हनुवटी काढलीस माझी!"

काकूंनी गाडी बाजूला घेऊन उभीच केली. चारच्या चारही गोष्टी सांगितल्या. थोरली, मधली, धाकटी आणि चौथी. चौथीशी आल्यावर आवाज खाली गेला, आणि काकांची गाडी विकायची अटही सांगून झाली. वन्संनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे जाड ती कोठी?"

"कोठी."

"आणि हनुवटी?"

"तीही कोठीचीच." काकूंनी रस्त्याकडे बघत सांगितलं.

वन्संनी डबा मांडीवर ठेवला, पण दिला नाही. गाडी पुढे निघाली. चढ संपला आणि समोर नणंद असायची तिथे नुसतं आभाळ. एवढं आभाळ तिथे कधी नव्हतं. पुढे तीन रस्ते, तिन्ही सारखे. त्यांतला सरळ जाणारा कॅनडाला. मागून एक ट्रक भोंगा वाजवू लागला. काकूंनी ब्रेक दाबून धरला. निळी गाडी आता विकली जाणार, हे त्यांना स्वच्छ कळलं.

"काय झालं?" वन्संनी विचारलं.

"तुम्ही दिसत नाही," काकू पुटपुटल्या.

आणि मग त्यांना पारवे दिसले. त्याच रिकाम्या आभाळात, नदीवर, उंच, गोल गोल. जिथे छप्पर होतं तिथे उतरायला यायचे, छप्पर नाही म्हणून बिचकायचे आणि पुन्हा फेरी धरायचे. मधे काहीच नाही, भोवती थवा. नणंदेचा घेर तसाच, उंची तशीच, फक्त सिमेंट तेवढं नाही. पारव्यांना कुणी पेपर वाचून दाखवला नव्हता.

काकूंनी थव्याच्या अलीकडे उजवीकडे गाडी वळवली.

दारात काका कोट घालून, किल्ली हातात घेऊन उभे होते.

"कुठे निघालास रे?" वन्संनी विचारलं.

"तुम्हालाच... पुलावर..."

"कोट काढ. आणि ती निळी गाडी विकायची भाषा बंद. नणंद पाडली तरी हिला घर सापडतं, तुला आणखी काय हवंय?"

काकांनी कोट काढला. दीपाने कानात बोटं घातली, कारण आत्या आता तिच्याकडे वळली होती.

चार दिवसांनी वन्सं परत निघाल्या. काका म्हणाले, मी सोडतो. वन्सं म्हणाल्या, सुलभा सोडेल, मला माझी जागा बघायचीय. नदीपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, उतरून डबा उघडला आणि तारेच्या कुंपणावरून मूठभर चिवडा आत फेकला. पारवे भर्रकन उतरले.

"तुमच्या नणंदेकडून," वन्सं त्यांना म्हणाल्या. उरलेला डबा त्यांनी गाडीच्या खिडकीतून काकूंच्या मांडीवर ठेवला आणि तिथेच, वाऱ्यात, हनुवटी वर करून ऐटीत उभ्या राहिल्या.

काकूंनी भोंगा वाजवला. "वन्सं, चला हो! बस चुकली तर इथे पुन्हा नणंद उभी राहायची!"