जुन्या रेकॉर्डी आणि रुपयामागे चार आणे

जुनी रेकॉर्ड विकली म्हटलं की लोक एवढंच विचारतात, "कितीला गेली?" कशी गेली, हे कोणीच विचारत नाही. त्यामुळे ते सगळे किस्से माझ्याकडेच साचून राहिले. आज निवांत बसलोच आहोत, तर सांगतो.

घरोघरी टेपरेकॉर्डर शिरत होते, तेव्हाची गोष्ट. मी नागपुरात कारकून. घरमालकानं दोनपैकी एक खोली परत मागितली आणि उरलेल्या एका खोलीत मी, बायको, दोन मुली आणि तीनशे रेकॉर्डी! कोणीतरी बाहेर जाणं भाग होतं.

जुन्या रेकॉर्डी विकून देणारं दुकान एकच, सीताबर्डीवर, गुलाबसेठचं. आपण माल ठेवायचा, सेठनं विकायचा, रुपयामागे चार आणे कमिशन त्याचं. वर एक नियम. दुकानात माल ठेवणाऱ्यानं बाहेर परस्पर विकायचं नाही. विकल्याचं कळलं तर सगळा माल त्याच दिवशी उचला! माझ्याही बहुतेक रेकॉर्डी तिथेच; परत आणून ठेवायच्या कुठे? या एका नियमानं माझी झोप उडाली होती. कारण बाहेर विकायचं तर मी ठरवलंच होतं.

*

आधी सरळ मार्गानं कमिशन कमी करायला लावून पाहिलं. माझे शेजारी मेश्राम मास्तर शाळेत गणित शिकवायचे. त्यांचाही माल सेठकडेच. ते म्हणाले, "सेठ, चार आणे जास्त होऊन राहिले."

"मास्तर, गिऱ्हाईकाले वाजवून दाखवा लागते. सुई माझी घासते ना!"

पुढच्या आठवड्यात मास्तर सुयांची डबी घेऊन हजर. "घ्या सुया. आता तीन आणे करा."

"अन् लाईट? बिल तुम्ही भरता का?"

त्याच्या पुढच्या आठवड्यात मास्तर सायकलरिक्षातून उतरले, मांडीवर चावी देऊन वाजवायचा जुना फोनो! घामानं निथळत तो त्यांनी काउंटरवर ठेवला. "याले ना तुमची सुई लागत, ना तुमची लाईट!"

सेठ फोनोभोवती एक चक्कर मारून आला.

"मशीन चांगली आहे मास्तर. पण ठेवली कुठं? जागा माझीच आहे ना बाप्पा!"

*

मग मी वाचनालयाच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. नाव दिलं नाही, फक्त पत्ता. त्या दिवसापासून दाराची कडी वाजली की मला सेठच दिसायचा!

रविवारी सकाळी कडी वाजली. बायकोला म्हटलं, "तूच पाहा वं." दारात एक पेन्शनर गृहस्थ, हातात भली मोठी पिशवी. पिशवी पाहून जीवात जीव आला. सकाळी दहाला बसले ते चारला उठले. मधे चाळीसेक गाणी, पाच चहा आणि आमच्याच पंगतीला जेवण.

उठताना रिकामी पिशवी झटकत म्हणाले, "वा! लई बरं वाटलं. आमच्याकडे मशीनच नाही ना!"

बायको म्हणाली, "कमिशन वाचलं. साखर संपली."

*

काटोलच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यानं एक रेकॉर्ड मागवली. मे महिना. पोस्टात फुटेल म्हणून मी स्वतःच एसटीनं निघालो. कोणी वर बसेल या धाकानं ती खिडकीशी उभी धरली. माणसांपासून वाचवली, पण उन्हाचं लक्षातच आलं नाही!

व्यापाऱ्यानं ती मशीनवर ठेवली. उन्हानं वाकलेल्या रेकॉर्डीवर सुई टेकडी चढायची, उतरायची. त्यानं दोन कडवी शांतपणे ऐकली.

"साहेब," तो म्हणाला, "हा माणूस बैलबंडीत बसून गाऊन राहिला का?"

*

मास्तरांच्या ओळखीनं एक निरोप आला. वाडीला, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवर घेणारा एक माणूस भेटेल. ओळख म्हणजे बगलेत वर्तमानपत्र. सेठला कळू द्यायचं नाही.

मी दहा रेकॉर्डी वर्तमानपत्रात गुंडाळून पोचलो. तिथे चष्मेवाला एक माणूस, बगलेत तसंच पुडकं! तो माझ्याकडे पाहीना, मी त्याच्याकडे पाहीना. हा सेठचा तर माणूस नाही? निसटावं म्हणून उठलो, तर तोही उठला.

शेवटी तोच जवळ आला. "तुम्ही... गुलाबसेठकडून?"

"नाही, नाही! तुम्ही?"

"मी कायले? माझाच माल त्याच्याकडे पडून आहे! तुम्ही घेणारे ना?"

मी माझं पुडकं दाखवलं. त्यानं त्याचं दाखवलं. दोघंही विकायला आलेलो!

"काहून गा," तो म्हणाला, "मग घेणार कोण?"

*

आमच्या गल्लीत कुसुमताई राहायच्या. दवाखान्यात नर्स. त्यांचे यजमान लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी एकदाच मुंबईला जाऊन एका रेकॉर्डीत वाजवून आले होते. रेकॉर्डीवर नाव गाणाऱ्याचं, यांचं कुठेच नाही. ते गेल्यावर कुसुमताईंनी घरातली मशीन विकली, रेकॉर्डी विकल्या. ही एक मात्र सेठकडे ठेवली, चाळीस रुपये किंमत लावून. त्या काळी जुन्या रेकॉर्डीला चार रुपये कोणी देत नव्हतं!

आणि मला गिऱ्हाईक मिळालं! सदरचे एक डॉक्टर. चाळीसला तयार. सेठकडून रेकॉर्ड परत आणून परस्पर दिली असती, तर कुसुमताईंचे पूर्ण दहा रुपये वाचले असते. मी धावतच त्यांच्या घरी गेलो.

त्या ड्यूटीवर निघाल्या होत्या. ऐकून खाटेवर बसल्या.

"खरंच घेऊन राहिले का?"

"हो! नगद!"

त्यांनी पर्स मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. मग म्हणाल्या, "सेठले विचारा. मले नका विचारू."

मला वाटलं, सेठला भ्यायल्या. त्या भीतीत मी स्वतःच मुरलेलो, त्यामुळे पुढे बोललो नाही. डॉक्टरांना मात्र थांबवत नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी ते थेट दुकानातच निघाले आणि मी मागोमाग. माझं नाव निघालं तर माझाही माल रस्त्यावर!

दुकानात कुसुमताई आधीच उभ्या होत्या, दवाखान्याच्या पांढऱ्या साडीत. रेकॉर्ड समोरच्या रॅकवर, सगळ्यांना दिसेल अशी. डॉक्टरांनी बोट दाखवलं आणि चाळीस रुपये काउंटरवर ठेवले.

सेठनं नोटांकडे पाहिलं. कुसुमताईंकडे पाहिलं. नोटा उचलून डॉक्टरांच्या हातात परत दिल्या.

"ते विकल्या गेली साहेब."

"अहो, ही काय समोर!"

"विकल्या गेली म्हणलं ना."

डॉक्टर तणतणत निघून गेले. सेठनं ती रेकॉर्ड काढली, फडक्यानं पुसली आणि मशीनवर लावली. पहिलं कडवं झालं. मधे क्लॅरिनेट आलं, जेमतेम अर्धा मिनिट. कुसुमताईंनी काउंटरची कड घट्ट धरली होती. गाणं संपलं तशी त्यांनी पर्स काखेत घेतली.

"नाही विकली ना गा अजून?"

"नाही बाई," सेठ म्हणाला. "येऊन पाहा पुढच्या गुरुवारी."