डिस्क पुसणारा माझा भाऊ

वाळूच्या डंपरने भूषणदादाला चिरडलं तेव्हा मी जळगावला, मेहरूणच्या आमच्या घरी, लॅपटॉपवर ऑफिसची मीटिंग ऐकत होते. बाहेरच्या खोलीत पप्पा फोनवर नुसतं "कुठे? कुठे?" असं ओरडत होते. आम्ही धुळ्याला पोचलो तोवर लोकांनी डंपर पेटवून दिला होता. टायर जळण्याचा वास चौकापर्यंत येत होता आणि रस्त्यावर काचांचा सडा पडला होता. ड्रायव्हरला जमावाने इतकं बडवलं होतं की त्यालाही त्याच सरकारी दवाखान्यात आणलं होतं, दादाच्या शेजारच्या खोलीत. एक जिवंत होता, एक नाही... मधे एक भिंत. पाहणारे सांगत होते की डंपर पांझरेच्या पुलावरून उलट्या बाजूने येत होता आणि दादाने बाईक बाजूला न घेता मधेच उभी करून शिव्या घातल्या. मला हे पटतं. समोरचा चुकीच्या बाजूने येत असेल तर आपण का सरकायचं, एवढं साधं त्याचं म्हणणं असे. या म्हणण्यापायी त्याने आयुष्यभर मार खाल्ला, आणि दिलाही.

भूषणदादा माझ्या आत्याचा एकुलता एक मुलगा. धुळ्यात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, पण ते पोटासाठी. जीव अडकला होता तो त्याच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये. मशीन चालू झाल्यावर जी पहिली जागी होते आणि बाकी सगळ्यांना उठवते, ती मूळ प्रणाली. बाजारात मिळते ती नको, स्वतःची हवी, पहिल्या ओळीपासून स्वतः लिहिलेली. बाहेरच्या माणसाला दाखवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, जोडलेली डिस्क ओळखली जायची, तिच्यातल्या फायलींची नावं दिसायची, झालं. आणि त्यातलं डिस्क ओळखण्याचंच काम कायम अडायचं. एका कंपनीची डिस्क लगेच सापडे, दुसरीची सापडत नसे, तिसरी सापडे पण स्वतःचं माप खोटं सांगे. अशा वेळी दादा मशीनच्या थोबाडीत मारावी तसा कॅबिनेटवर हात मारायचा. कीबोर्ड भिंतीवर आपटून फोडलेले मी पाहिलेत. कॉलेजात प्रोजेक्टवरून हसणाऱ्या मुलाचा दात त्याने पाडला होता, हे आत्या लाजत सांगायची आणि तो न लाजता. मी इंग्रजी शाळेत शिकलेले, कमी बोलणारी. मला तो 'मॅडम' म्हणायचा. "मॅडम, तुम्ही बोलू नका, नुसतं बघा. तुम्ही बघताना बऱ्या दिसता." त्याच्या घरात माझ्या गप्प बसण्याचा कुणाला त्रास होत नसे, म्हणून मला तिथे जायला आवडे.

दुकानात नवी, न पाहिलेली डिस्क आली की तिची ओळखपरेड व्हायची. गिऱ्हाईकाचं काम सुरू करण्याआधी ती डिस्क तो स्वतःच्या जुन्या मशीनला जोडायचा आणि आपली सिस्टीम तिला ओळखते का ते बघायचा. फक्त ओळख, बाकी हात लावायचा नाही, असा त्याचा नियम होता. साक्रीच्या पुढच्या एका गावातून गोकुळ नावाचा तरुण घरचा बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आला, तेव्हाही त्याने हेच केलं. गोकुळच्या बहिणीच्या लग्नाचा सगळा व्हिडिओ त्यातल्या डिस्कवर होता. लग्नानंतर काही आठवड्यांनी त्यांचा धाकटा भाऊ हर्षल पिकअप उलटून गेला होता. हसणारा, चालणारा हर्षल त्या व्हिडिओशिवाय कुठेही उरला नव्हता. फोटो स्टुडिओवाल्याने त्याची प्रत केव्हाच पुसली होती. गोकुळने हे सगळं दुकानात सांगितलं होतं. दादाने मान हलवली, डिस्क काढली, आणि सवयीने आधी आपल्या मशीनला जोडली.

मशीनवरचा, डिस्कचं काम चालू असेपर्यंत जळणारा लाल दिवा लागला तो लागलाच. दादाने वाट पाहिली, मग वीज काढून घेतली. नंतर डिस्क कोरी दिसायला लागली. आधीच खराब झालेली डिस्क होती, वाटेत धक्का बसला असेल, असं त्याने फोनवर सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी दादा ती डिस्क दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावून काही सापडतं का ते बघत होता, तेव्हा गोकुळ तीन-चार जणांना घेऊन दुकानात शिरला. त्यांच्याकडे ट्रकच्या जॅकची लोखंडी टॉमी होती. त्यांनी शोकेस फोडली, आणि मग दादाचा उजवा हात काउंटरवर दाबून धरून त्याच्यावर टॉमी घातली. एकदा नाही. बोटांची हाडं कातडीतून बाहेर आली होती. डाव्या हाताने वार अडवायला गेला तर ते मनगटही गेलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने शटर ओढून घेतलं. जाताना ते डिस्क घेऊन गेले.

हाडांच्या डॉक्टरांसाठी आत्याने त्याला जळगावला आणलं आणि तो आमच्या घरी राहिला, दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. पोलिसात तक्रार झाली होती, मारहाणीची केस उभी राहिली होती. आत्या त्याला घास भरवताना केसविषयी बोलायची, आणि तो डिस्कविषयी. "दिवा का नाही विझला मॅडम? मेलेल्या डिस्कचा दिवा लुकलुकतो, नाही तर लागतच नाही. हा एकसारखा जळत होता." मग एका दुपारी त्याचं जुनं मशीन पप्पांनी धुळ्याहून आणून दिलं, आणि मी त्याचे हात झाले.

आम्ही बरेच दिवस तो दोष शोधत होतो. तो पलंगावर बसून सांगायचा, मी टाईप करायचे, चुकले की तो ओरडायचा. एकदा इतका चिडला की प्लास्टरचा हात टेबलावर आपटला आणि वेदनेने त्याचे डोळे पांढरे झाले. आधी केबलवर संशय होता, बदलली. मग वीजपुरवठ्यावर, तोही बदलला. मशीन डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतं ती सेटिंग जुनी करून पाहिली, नवी करून पाहिली. पेटीभर जुन्या डिस्क होत्या, त्या एकेक जोडल्या. सगळ्या मुकाट ओळखल्या जायच्या, दिवा लागायचा आणि विझायचा.

"मोठी पाहिजे," तो म्हणाला. "त्या लोकांची मोठी होती. घरात मोठी कुणाची आहे?"

"पप्पांची. सिनेमांची."

"द्या बळी."

पप्पांची डिस्क जोडली. लाल दिवा लागला. आम्ही बघत राहिलो. तो जळतच होता.

"दादा," मी म्हणाले, "ती थांबत नाहीये."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला. कारण त्याला कळलं होतं, माझ्या आधी. काही डिस्क स्वतःचं माप चुकीचं सांगतात म्हणून त्याने एक रांगडी युक्ती केली होती. डिस्कने सांगितलेल्या शेवटाच्या पुढे एक छोटी खूण लिहून बघायची. डिस्क नकार देते, म्हणजे शेवट खरा. नकार आला नाही तर आणखी पुढे लिहायचं, नकार येईपर्यंत. नसलेल्या जागी लिहिण्याने कुणाचं काही बिघडत नाही, म्हणून हे त्याला हात लावणं वाटतच नव्हतं. जुन्या छोट्या डिस्क लगेच नकार द्यायच्या. पण त्याची सिस्टीम जागा मोजायला जेवढे आकडे वापरायची, ते मोठ्या डिस्कच्या मानाने अपुरे होते. गाडीचा किलोमीटरचा काटा सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येतो, तसा तिचा हिशोब शून्यावर यायचा. म्हणजे डिस्कच्या अगदी सुरुवातीला. तिथे नकार कसला येणार? ती खूण सुरुवातीपासून लिहीत सुटायची, खालचं सगळं पुसत, कुणी वीज काढेपर्यंत.

मी वीज काढली. आतली तबकडी फिरायची थांबेपर्यंत दादाने मला डिस्कला हात लावू दिला नाही, फिरत्या तबकडीला धक्का बसला की ती ओरखडते. मग डिस्कची सुरुवात उघडून पडद्यावर आणली. खूण म्हणून त्याने स्वतःचं नाव टाकलं होतं. पडदाभर इंग्रजी अक्षरांत भूषण, भूषण, भूषण... खाली सरकवत गेले तरी संपेना. तो बराच वेळ ते वाचत होता. "त्याच्या भावावर मी माझं नाव लिहिलं," तो म्हणाला. मग, वेगळ्याच आवाजात, "पण सुरुवातच गेलीय. मागचं शाबूत असणार."

मागचं परत मिळवायचं तर डिस्क हवी होती, आणि ती मागायला जायचं तर पुसली कुणी हे सांगावं लागणार होतं. आत्याने ताट बाजूला सारलं. "त्यासनी तुना हात मोडा," ती म्हणाली, "आनि तूच जास त्यासना घर?" केस हातची जाईल, वकील काय म्हणेल, ते पुन्हा मारतील... ती बोलत राहिली. तो म्हणाला, "आई, बूट घालून दे."

मी सोबत गेले, कारण त्याला गाडीचं दारही उघडता येत नव्हतं. साक्रीच्या पुढे रस्ता खराब होता आणि प्रत्येक खड्ड्याला तो दात दाबत होता. गोकुळच्या घरी अंगणात बाजेवर त्याचे वडील बसले होते, सगळे त्यांना नाना म्हणत. गोकुळ आम्हाला पाहून उभा राहिला. दादाने नमस्कार नाही, पाणी नाही, उभ्याउभ्या सगळं सांगितलं. डिस्क चांगली होती. मी माझ्या खेळासाठी जोडली. मी पुसली. गोकुळने दोन पावलांत येऊन त्याच्या कानाखाली वाजवली. दादा माझ्यावर आदळला, त्याच्या प्लास्टरचा कोपरा माझ्या ओठाला लागला आणि तोंडात रक्ताची चव आली. घरातून बाया धावत आल्या. गोकुळने पुन्हा हात उचलला.

"मारून झालं का डिस्क आण," दादा म्हणाला. "मी बसस इथे."

नाना पहिल्यांदाच बोलले. "ई का मना पोऱ्या? दिसी का?"

"सुरुवातीचं गेलं, नाना. त्यात काय होतं ते मला माहीत नाही. बाकीचा येईल."

"आणि केस?" गोकुळने विचारलं.

"केस राहील. डिस्क मी पुसली, हात तू मोडला. दोन्ही खरं आहे."

नानांनी गोकुळला आत पाठवलं. तो डिस्क घेऊन आला, टॉवेलात गुंडाळलेली.

ती डिस्क दादाने स्वतःच्या सिस्टीमजवळही जाऊ दिली नाही. फायली शोधून काढणाऱ्या साध्या, तयार प्रोग्रामने आम्ही तिची पूर्ण प्रत काढली आणि त्या प्रतीतून तुकडे वेचत बसलो. देवाची पूजा गेली होती, मांडव गेला होता, पाहुण्यांचं येणं गेलं होतं. हळद सापडली. अंगभर पिवळा झालेला हर्षल डीजेसमोर नाचता नाचता कॅमेऱ्याजवळ येतो आणि आपले बरबटलेले हात काचेला पुसतो. ते पाहून दादा मोठ्याने हसला आणि मग उठून बाथरूममध्ये गेला. नाना आणि गोकुळ जळगावला येऊन सापडलेलं सगळं घेऊन गेले. गोकुळने आमच्या घरात बसून त्यातलं काहीही पाहिलं नाही, तो गेटबाहेर उभा राहिला. केस चालू राहिली. दादाची उजवी बोटं कधी नीट मिटली नाहीत. डाव्या हाताने टाईप करत त्याने ती चूक दुरुस्त केली, आणि पप्पांना नवे सिनेमे आणून दिले.

हे सगळं होऊन गेलं, आणि मग डंपर आला.

दहाव्यानंतर आत्याला एकच ध्यास लागला. तिला त्याचा आवाज ऐकायचा होता. आम्ही सगळ्यांचे फोन धुंडाळले. तो फोटोत कडेला असायचा, कॅमेरा समोर आला की निघून जायचा. निरोप कायम टाईप करून पाठवायचा, बोलून कधी नाही. त्याचा स्वतःचा फोन डंपरखाली भुगा झाला होता. इतरांच्या गेलेल्या फायली शोधून देणारा माझा भाऊ स्वतः कुठेच सापडत नव्हता.

गोकुळ आला तेव्हा मी धुळ्याला आत्याकडेच होते. तो उंबऱ्यापाशी चप्पल काढून उभा राहिला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, माझ्याकडे आहे त्याचा व्हिडिओ." त्या दिवशी दुकानात त्याच्या एका मित्राने मारहाण मोबाईलवर घेतली होती, गावात दाखवायला. वकिलाने गोकुळला निक्षून सांगितलं होतं, पुसून टाक, यानेच तू आत जाशील. "नाही पुसता आलं," तो म्हणाला. "आमचा पुसला गेला तेव्हा काय झालं होतं..." त्याने तो माझ्या फोनवर पाठवला. "ठेवा तुमच्याकडे. पोलिसात द्यायचा तर द्या."

मी तो व्हिडिओ आत्यासमोर धरायला तयार नव्हते. तिने माझ्या हातातून फोन ओढला. "दखाड माले."

व्हिडिओ हलता आहे. काच फुटल्याचा आवाज, शिव्या, कुणाची तरी पाठ. गोकुळ टेबलावरची चालू डिस्क ओढून काढतो, केबल लोंबते. दादा काउंटरमागून दोन्ही हात पुढे करून येतो, स्वतःला वाचवायला नाही. तोवर गोकुळच्या दुसऱ्या हातातली टॉमी वर गेलेली असते. आत्याने पहिल्या वेळी शेवटपर्यंत पाहिलं. तिच्या घशातून आलेला आवाज मी इथे लिहू शकत नाही. गोकुळ उंबऱ्यावर डोकं धरून बसला होता. आत्याने त्याला जा म्हटलं नाही, बस म्हटलं नाही.

केसचं काय करायचं ते ती ठरवेल. अजून ठरवलेलं नाही. तो व्हिडिओ तिने माझ्याकडून स्वतःच्या फोनवर घेतला, आणि कुठे बोट ठेवलं की तो थांबतो तेही शिकून घेतलं. आता रोज सकाळी चहा झाल्यावर ती तो लावते आणि टॉमी खाली यायच्या आत थांबवते. तेवढ्या भागात दादाचं एकच वाक्य आहे, गोकुळच्या हातातल्या डिस्ककडे बघून, घाबऱ्याघाबऱ्या, जसं कुणी तान्हं मूल भलत्याच्या हातात पाहून बोलावं...

"सावकाश धर रे, फिरतेय ती अजून."